जाळमंत्र्यांची पोटनिवडणूक

सर हेक्टर विंबुश यांना मंत्रिपद हवं होतं ते देशसेवेसाठी नव्हे, जेवणासाठी. ते उपाशी मरत होते अशातला भाग नाही. उलट त्यांच्या वेस्टकोटाची बटणं कायम नोकरी सोडण्याच्या बेतात असत. प्रश्न मानाचा होता. लंडनमध्ये कुणाकडे मेजवानी असली की दिवाणखान्यातून जेवणघरात जोडीजोडीने जायचं, आणि तेही मानाने. आधी ड्यूक, मग मंत्री, मग ज्यांचे मामा मंत्री आहेत ते. सर हेक्टर कॉमन्स सभेच्या मागच्या बाकावर बसून केस पांढरे झालेले साधे सभासद. ते सगळ्यात शेवटी जात, कुठल्यातरी पाद्र्याच्या बहिऱ्या चुलतीला हात देऊन. त्यांचा धाकटा मेहुणा नौदलात उपमंत्री झाला आणि तिसऱ्या जोडीत चालू लागला, त्या दिवसापासून सर हेक्टर झोपेत दात खात.

मी त्यांचा चिटणीस. माझं नाव टॉली. ऑक्सफर्डला लॅटिन आणि ग्रीक शिकलो, म्हणजे पोटापाण्याच्या कामाचा राहिलो नव्हतो, म्हणून राजकारणात आलो.

त्या शरद ऋतूत पंतप्रधानांनी मंत्रिमंडळात खांदेपालट करायचं ठरवलं. खाती वाटून झाली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की एक खातं उरलं आहे. ते कसलं, हे टेबलाभोवती कुणालाच आठवेना. सर हेक्टर त्याच वेळी बाहेरच्या खोलीत बसले होते. गेली कित्येक वर्षं प्रत्येक खांदेपालटाला ते तिथे बसत, इतके की नोकर त्यांच्यावर ओल्या छत्र्या टेकवून ठेवत. पंतप्रधानांनी त्यांना आत बोलावलं.

"विंबुश, जाळखातं घेता का?"

"घेतो," सर हेक्टर म्हणाले. पंतप्रधानांचं वाक्य संपायच्या आधीच म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "टॉली, जाळखातं म्हणजे काय रे?"

जाळखातं म्हणजे इशाऱ्याच्या जाळांचं खातं. समुद्रावरून शत्रूची गलबतं आली की किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर एकापाठोपाठ एक मोठे जाळ पेटवायचे आणि लंडनला वर्दी द्यायची, अशी जुनी व्यवस्था. स्पेनचं आरमार आलं होतं तेव्हा ती उपयोगी पडली. त्यानंतर दोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला. नेपोलियनच्या धास्तीच्या दिवसांत कुणीतरी हे खातं शोधलं होतं म्हणे, पण ते सापडेपर्यंत नेपोलियनच पकडला गेला.

आम्ही कचेरी बघायला गेलो. व्हाइटहॉलमध्ये दोन जिन्यांच्या मधे एक खोली होती. आत पिनॉक नावाचा म्हातारा कारकून खिडकीत कांद्याची पात खुडत होता.

"आम्ही मंत्री," सर हेक्टर म्हणाले.

"कुणाचे?" पिनॉकने विचारलं.

"तुझे!"

पिनॉकने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंत्री असतात का आम्हाला? मला वाटलं मीच शेवटचा. बसा. म्हणजे उभे राहा. मंत्र्यांची खुर्ची तोफखान्याने उसनी नेली आहे, माझ्या आधीच्या कारकुनाच्या वेळी."

सर हेक्टर हर्षाने उभे राहिले. त्यांना काम नको होतं, पद हवं होतं, आणि इतकं शुद्ध पद, ज्यात कामाचा एक कणही मिसळलेला नाही, ते साम्राज्यात दुसरं नव्हतं.

फक्त एक अडचण होती. आमच्याकडे कायदा असा की सभासदाने सरकारी पद घेतलं की सभेतली त्याची जागा तत्क्षणी रिकामी होते. त्याने आपल्या मतदारांकडे परत जायचं आणि पुन्हा निवडून यायचं. आला, तर दोन्ही राहतं. पडला, तर जागा जाते, आणि सभेत नसलेला मंत्री कुणाला नको असतो, म्हणून पदही जातं. म्हणजे मधल्या काळात माणूस ना घरचा ना घाटाचा.

"नुसता उपचार आहे," सर हेक्टर म्हणाले. "ग्रबलीत आजवर मला कुणी विरोध केलाय का?"

हे खरं होतं. ग्रबली हे गाव अख्खं ड्यूक ऑफ थॉर्नी यांच्या खिशात होतं. घरं त्यांची, शेतं त्यांची, चर्चची घंटासुद्धा त्यांनी दिलेली. ड्यूक सांगतील त्याला मत. ग्रबलीत मताचा अधिकार कुणाला, याचा नियम मात्र जुना आणि सरळ होता: ज्याची चूल वेगळी, त्याला मत. जमीनजुमला, शिक्षण, अक्कल, यातलं काही लागत नसे. आणि चूल वेगळी आहे हे नुसतं तोंडाने सांगून भागत नसे. मतदानाच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या दारापुढे रस्त्यावर दगडांची चूल मांडायची, तिच्यावर भांडं चढवायचं, आणि मेयर समोर येईल तेव्हा भांड्यातल्या पाण्याला खळखळून उकळी फुटलेली असली पाहिजे. उकळी दिसली की मेयर मान हलवणार. मग मतदाराने मोठ्याने नाव पुकारायचं. उकळी नाही तर मत नाही.

आम्ही ग्रबलीत पोचलो तेव्हा वेशीवर स्वागताला फक्त मेयर गॉज आला होता. हा मूळचा खोगीरवाला, त्यामुळे माणसाशी बोलतानाही आधी पाठीकडे बघायचा.

"साहेब, एक बारीकशी गोष्ट झाली आहे," तो म्हणाला. "या खेपेला विरोधात उमेदवार उभा आहे."

सर हेक्टर घोडागाडीच्या पायरीवर होते ते तिथेच थांबले. "कोण?"

"आपला न्हावी. ओबडाया क्लटरबक."

"न्हावी? त्याचं सरकारबद्दल काय म्हणणं आहे?"

"काही नाही. त्याला पण नकोच आहे. त्याला लोकांनी उभं केलंय."

"का?"

मेयरने खाली बघितलं. "साहेब, रागावू नका. तुम्ही दर वेळी बिनविरोध येता. बिनविरोध निवडणूक म्हणजे बिअर नाही, भाजलेला बैल नाही, मिरवणूक नाही, मारामारी नाही. शेजारच्या टिबकोट गावात दर निवडणुकीला दोन दोन बैल भाजतात. आमची पोरं मोठी होऊन लग्नाला आली, त्यांनी निवडणुकीचा बैल बघितलेला नाही. कुणीतरी उभं राहिलं की तुम्हाला बैल द्यावा लागेल, एवढाच विचार. मत तुम्हालाच देणार सगळे."

सर हेक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि बैलाला होकार दिला. त्या संध्याकाळी ग्रबलीने इतकी बिअर प्यायली की चर्चचा घंटावाला घंटेला मिठी मारून झोपी गेला. सगळ्या पुरुषांनी सर हेक्टरांच्या नावाने जयजयकार केला. सगळं सुरळीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान. सर हेक्टर दाढी करून घ्यायला बसले. गावात न्हावी एकच, त्यामुळे त्यांच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा होता तो त्यांचा प्रतिस्पर्धी. क्लटरबक म्हणजे काठीला कोट घातल्यासारखा माणूस. त्याचे हात सराईत होते, पण आवाज कापत होता.

"साहेब, मान जरा वर. साहेब, तुम्ही निवडून याल ना नक्की?"

"तुझी इच्छा काय आहे?" सर हेक्टर वस्तऱ्याकडे डोळे लावून म्हणाले.

"माझी? देवा! मी चार माणसांत उभा राहिलो की माझ्या पोटात गोळा येतो. माझं आयुष्यात एकच वाक्य पाठ आहे, 'मान जरा वर.' ते लंडनच्या सभेत चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो. "आमच्याकडे त्याहून लहान भाषणावर लोकांनी कारकीर्दी काढल्यात."

"चेष्टा नको, साहेब. मी तर तुम्हालाच मत देणार आहे." त्याने दाराकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण आमच्या घरात जरा वेगळं वारं आहे. टॅबिथाला लंडनला जायचंय."

"टॅबिथा कोण?"

"माझी बायको. मला उभं केल्याची बातमी आली तेव्हा सगळे हसले, ती हसली नाही. तिने सरळ ट्रंक काढली."

या बोलण्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही. बायकांना मत नव्हतं. ज्यांना मत नाही त्यांचं ऐकायची आम्हा राजकारण्यांना सवय नव्हती.

दहाच्या सुमाराला आम्ही मेयरबरोबर बाजाररस्त्यावर आलो. दोन्ही बाजूंना दारापुढे दगडांच्या चुली मांडलेल्या, चुलींवर भांडी, भांड्यांमागे पुरुष, डोक्यात रात्रीची बिअर आणि टोपीला सर हेक्टरांची पिवळी फीत. शोभा चांगली होती. फक्त एक गोष्ट खटकत होती. कुठल्याच चुलीत जाळ नव्हता.

म्हणजे, चार चुलींत होता. त्या चार भांड्यांना उकळ्या फुटत होत्या. मेयर तिथे गेला, त्याने भांड्यात डोकावून मान हलवली, आणि ते चौघे जमिनीकडे बघत पुटपुटले, "क्लटरबक."

"काय?" सर हेक्टर ओरडले. "अरे, माझा बैल खाल्लात ना काल?"

"खाल्ला, साहेब," त्यांतला एक म्हणाला. "चांगला होता. पण जेवण रोजचं असतं."

मग उलगडा झाला. ग्रबलीत चुली पुरुषांच्या नावावर होत्या, पण आजवर एकाही पुरुषाने त्या पेटवल्या नव्हत्या. ते काम बायकांचं. आणि आज बायका कामावर नव्हत्या. त्या सगळ्या चर्चच्या भिंतीवर ओळीने बसून विणत होत्या, आणि मधोमध बसली होती टॅबिथा क्लटरबक. ही गावची सुईण. मतदारांपैकी निम्मे तिच्याच हाताने या जगात आले होते, आणि उरलेल्यांची मुलं. त्यामुळे तिच्यापुढे नजर वर करायची कुणाची छाती नव्हती. तिने सकाळी घरोघर निरोप धाडला होता: ज्याचा नवरा क्लटरबकचं नाव घ्यायची शपथ खाईल त्याचीच चूल पेटवायची. चौघांनी खाल्ली. बाकीचे ड्यूकला घाबरत होते.

आता क्लटरबकच्या चुलीची पाळी. तिथे मात्र टॅबिथा स्वतः जाऊन उभी राहिली. जाळ झक्क होता, पाणी खळखळत होतं. मेयरने भांड्यात पाहिलं.

"बोल ओबडाया. मत कुणाला?"

क्लटरबकने डोळे गच्च मिटले. "सर... सर हेक्टर विंबुश."

टॅबिथाने पळीभर पाणी उचललं आणि चुलीत ओतलं. फस्स झालं. उकळी बसली.

"मेयरसाहेब, बघा बरं परत," ती म्हणाली. "आहे का उकळी?"

मेयरने पाहिलं. "नाही."

"मग मत?"

"नाही," मेयर म्हणाला आणि पुढे सरकला. क्लटरबकने कपाळाला हात लावला.

चार विरुद्ध शून्य. चर्चच्या घड्याळात चार वाजले की मतदान बंद. सर हेक्टरांचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांना समोर ती बहिरी चुलती दिसत असणार.

"अरे, मग स्वतः पेटवा की!" ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "पुरुष आहात ना?"

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कामाला लागले. पुढचे दोन तास ग्रबलीत जे चाललं होतं त्याला प्रयत्न म्हणावं लागेल. एकाने चकमक इतक्या जोरात झाडली की ती शेजाऱ्याच्या भांड्यात पडली. एकाने ओलं गवत भरलं. लोहार, ज्याचं पोटच भट्टीवर, तो म्हणाला, "माझी भट्टी वेगळी, तिला मी पेटवत नाही, ती विझलीच नाहीय बापाच्या वेळेपासून." रस्ताभर धूर झाला, पण जाळाचा पत्ता नाही. धुरात लोक एकमेकांवर आदळत होते आणि पिवळ्या फिती काळ्या पडत होत्या. भिंतीवर बायका विणत होत्या. त्यांच्यातली एक मधूनच ओरडायची, "अहो, फुंका जरा! काल बिअरचा फेस कसा फुंकत होतात?"

शेवटी जेथ्रो नावाचा म्हातारा शेतकरी खोकत खोकत सर हेक्टरांपुढे आला.

"साहेब, एक विचारू का? तुम्हाला राजाने कसलं खातं दिलंय?"

"जाळखातं," सर हेक्टर अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे आख्ख्या इंग्लंडचा जाळ तुमच्या हातात?"

"अर्थात."

"मग," जेथ्रो आपल्या चुलीकडे बोट दाखवत म्हणाला, "हा एवढा पेटवा."

बायकांनी सुया थांबवल्या. सर हेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅटिनचा पदवीधर, मी आभाळाकडे पाहिलं.

मग जे मी पुढे कुठल्याही मंत्र्याला करताना पाहिलं नाही ते त्यांनी केलं. ते रेशमी मोज्यांसकट चिखलात गुडघ्यांवर बसले. त्यांनी खिशातून आपलं विजयाचं भाषण काढलं, चुरगळलं आणि लाकडांखाली सरकवलं. चकमक झाडली. ठिणगी पडली. भाषणाने ती विझवली. त्या भाषणात पेट घेण्यासारखं काही नव्हतं, ते मीच लिहिलं होतं. सर हेक्टर फुंकू लागले. गाल फुगले, डोळे बाहेर आले, वेस्टकोटाच्या दोन बटणांनी अखेर राजीनामा दिला. राख उडून त्यांच्या तोंडावर बसली. तरी ते फुंकत राहिले. हसणारे हळूहळू थांबले, कारण माणूस खरोखर जिवाच्या आकांताने फुंकत होता.

"साहेब, राहू द्या, चक्कर येईल," जेथ्रो म्हणाला.

"नाही!" सर हेक्टर धापा टाकत म्हणाले. "मी परत... त्या चुलतीबरोबर... जाणार नाही!"

कुणाला काही कळलं नाही. पण टॅबिथा क्लटरबक भिंतीवरून उतरली, कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"उठा," ती म्हणाली. "असं समोरून फुंकलं तर राखच खायला मिळते. वाऱ्याच्या बाजूने बसायचं असतं. तुम्हाला आईने काही शिकवलं नाही का?"

"माझी आई काउंटेस होती," सर हेक्टर म्हणाले.

"तरीच." तिने जरा विचार केला. "हे बघा सरसाहेब, मला तुमची खुर्ची नकोय. माझ्या नवऱ्याला सभेत बसवलं तर तो बसल्या जागी जीव सोडेल, हे मला कळतं. मला लंडन हवंय. या गावात मी सगळ्यांना जन्माला घातलं, आता त्यांची तोंडं बघायचा कंटाळा आलाय. तुमच्या खात्यात ओबडायाला चिकटवा. मग बघा चुली कशा पेटतात."

"पण जाळखात्याला न्हावी कशाला?" मी मधे बोललो.

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "जाळखात्याला मंत्री तरी कशाला?"

हा प्रश्न कॉमन्स सभेत इतकी वर्षं कुणाला सुचला नव्हता. सर हेक्टरांनी चिखलात बसल्या बसल्याच, गावासमोर, ओबडाया क्लटरबक यांची शाही जाळांचे उपपालक म्हणून नेमणूक केली. क्लटरबकला कुणी विचारलं नाही. तो "पण माझी गिऱ्हाइकं..." एवढंच म्हणाला.

टॅबिथाने भिंतीकडे वळून हात हलवला. बायका उतरल्या. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते फार पटकन झालं. धुरातून पदर खोचल्यासारख्या बाह्या सरसावलेल्या बायका सरसर गेल्या, नवऱ्यांना बाजूला सारलं, आणि रस्ताभर जाळ उभे राहिले. भांडी खळखळू लागली. मेयर गॉज इकडून तिकडे धावत माना हलवत होता आणि दोन्ही बाजूंनी आरोळ्या उठत होत्या, "विंबुश! विंबुश!" ज्या चौघांनी सकाळी क्लटरबकचं नाव घेतलं होतं ते बायकांवर वैतागून म्हणाले, "मग आम्हाला कशाला पापात पाडलंत?" घड्याळाने चारचे ठोके दिले तेव्हा शेवटचं मत उकळत होतं.

सर हेक्टर काळ्याठिक्कर तोंडाने निवडून आले. आम्ही लंडनला निघालो. मागच्या गाडीत क्लटरबक, टॅबिथा, ट्रंक आणि तिची सगळी भांडी.

लंडनच्या वेशीवरच्या खानावळीत घोडे बदलायला थांबलो तर तिथे मेहुणे भेटले. तेच, तिसऱ्या जोडीतले. पायी चालले होते.

"कुठे निघालात?" सर हेक्टरांनी विचारलं.

"गावी. तुम्हाला कळलं नाही? सरकार पडलं काल."

झालं होतं असं. थंडी एकदम उतरली होती. व्हाइटहॉलला कोळसा द्यायचं काम खजिन्याकडे आणि धुराडी साफ करायचं काम बांधकामखात्याकडे. त्या दोन्ही खात्यांचे मुख्य अधिकारी एका मेजवानीत दारातून आधी कोण जाणार यावरून भांडले आणि बोलेनासे झाले. खजिना म्हणे, धुराडी साफ झाल्याशिवाय कोळसा मिळणार नाही. बांधकामखातं म्हणे, कोळसा आल्याशिवाय धुराड्याला हात लावणार नाही. मंत्रिमंडळ ओव्हरकोट घालून बसू लागलं. मग बसेनासं झालं. पंतप्रधानांना पडसं झालं, ते विंडसरला जाऊन राजाला शिंकत शिंकत राजीनामा देऊन आले. आता नवे पंतप्रधान लॉर्ड स्ट्रॅम्बर्न जुन्या मंत्र्यांकडून एकेकाची अधिकाराची मोहर परत घेत फिरत होते. मोहर दिली की मंत्री संपला, अशी आमच्याकडे रीत.

सर हेक्टर खानावळीच्या बाकावर मटकन बसले. "म्हणजे मी गुडघे फोडले ते..."

"मोहर कुठे आहे तुमची?" टॅबिथाने मागच्या गाडीतून विचारलं.

"कचेरीत. टेबलावर."

"मग चला लवकर. आणि जरा तोंड धुऊन घ्या."

आम्ही व्हाइटहॉलला पोचलो तेव्हा सगळी इमारत स्मशानासारखी गार होती. जिन्यात कारकून घोंगड्या पांघरून एकमेकांना चिकटून बसले होते. पिनॉकने नाकावर मोजा घातला होता. टॅबिथाने खोलीत नजर फिरवली, शेकोटीत डोकं घालून वर पाहिलं.

"ओबडाया, वर चढ."

"मी?"

"काठीसारखा आहेस, अडकणार नाहीस. तुझा दाढीचा ब्रश घे."

उपपालक धुराड्यात दिसेनासे झाले. खाली कितीतरी वर्षांची काजळी आणि दोन चिमण्यांची घरटी पडली. टॅबिथा पिनॉककडे वळली. "लाकूड?"

"तळघर भरलंय," पिनॉक म्हणाला. "खात्याचं राखीव लाकूड. खडखडीत वाळलेलं. पण त्याला हात लावायचा नाही, नियम आहे. शत्रू दारात आला तरच पेटवायचं."

"नवा पंतप्रधान मोहर घ्यायला येतोय ना इकडे?"

"येतोय. शेजारच्या खात्यात आहे आत्ता."

"मग आला की दारात," टॅबिथा म्हणाली. "आण लाकूड."

पिनॉकने याचा विचार केला. त्याला नियमात खोट सापडेना.

लॉर्ड स्ट्रॅम्बर्न दार ढकलून आत आले तेव्हा शेकोटीत हातभर जाळ होता, त्यावर ग्रबलीचं सगळ्यात मोठं भांडं होतं, आणि भांड्यात बैलाच्या शेपटीचं सूप जव घालून रटरटत होतं. ते उंच, हाडकुळे आणि कर्तव्यकठोर गृहस्थ होते. त्यांच्या भुवयांवर दव होतं. सर हेक्टर टेबलापाशी उभे होते. समोर मोहर. चेहरा असा की वधस्तंभावरच्या माणसाने त्यांना धीर द्यावा.

"विंबुश," लॉर्ड स्ट्रॅम्बर्न म्हणाले, "मला फार खेद होतो, पण राजाच्या आज्ञेने मी तुमची..."

"दार लावा आधी," टॅबिथा म्हणाली. "वारा येतोय."

आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी स्वतः दार लावलं.

"तर, मी तुमची मोहर..."

"बसा. गार होतंय."

"बाई, मी इंग्लंडचा पंतप्रधान आहे."

"असाल. ओठ निळे पडलेत तुमचे. बसा म्हणते ना!"

खुर्ची नव्हतीच. पंतप्रधान पिनॉकच्या कांद्याच्या पेटीवर बसले. टॅबिथाने त्यांच्या हातात वाडगा दिला. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. त्यांच्या भुवयांवरचं दव वितळून वाडग्यात पडलं, ते त्यांनी तसंच प्यायलं. सर हेक्टर श्वास रोखून उभे. धुराड्यातून क्लटरबकचा आवाज आला, "खाली येऊ का? पाय भाजतायत." पंतप्रधानांनी तिसरा घोट घेतला.

लॉर्ड स्ट्रॅम्बर्न यांनी ओव्हरकोटाची वरची गुंडी काढली. मग सगळाच कोट काढला. वाडगा पुढे केला. टॅबिथाने पुन्हा भरला. बाहेर जिन्यात घोंगड्यांची कुजबुज वाढली होती, कुणीतरी दाराच्या फटीला नाक लावून वास घेत होतं.

"विंबुश," पंतप्रधान बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे तुमचं खातं नेमकं काय करतं?"

सर हेक्टरांनी शेकोटीकडे पाहिलं. "जाळ करतं, साहेब."

"हं." त्यांनी हाडातला शेवटचा गर चोखून काढला. "आणि उद्या?"

सर हेक्टरांनी टॅबिथाकडे पाहिलं.

"मेंढीचं मटण आणि शलगम," ती म्हणाली. "पण साडेबाराला यायचं. उशिरा येणाऱ्याला मिळणार नाही, मग तो कुणी का असेना."

लॉर्ड स्ट्रॅम्बर्न उठले. त्यांनी टेबलावरची मोहर उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि सर हेक्टरांच्या हातात ठेवली.

"नीट सांभाळा," ते म्हणाले. "आणि उद्या माझ्याबरोबर कोळसेवाले आणि धुराडेवाले, दोघांनाही घेऊन येतो. त्यांना मात्र अर्धाच वाडगा द्या."